पोटाचा घेर उतरवताना: ताटाचा वाटा किती आणि चालण्याचा किती

आपल्याकडे वजन उतरवण्याचा निश्चय बहुधा बुटांपासून सुरू होतो. नवे बूट येतात, पाचचा गजर लागतो आणि महाविद्यालयाच्या मैदानावर फेऱ्या सुरू होतात. दीड-दोन महिने नेमाने चालूनही पँटचे बटण पूर्वीच्याच ओढाताणीने लागते, तेव्हा माणूस "आमच्या अंगातच आहे ते" असे म्हणतो आणि बूट माळ्यावर टाकतो. मी स्वतः असे दोनदा केले आहे. तिसऱ्या वेळी सुरुवात स्वयंपाकघरातून केली, बूट महिनाभराने माळ्यावरून काढले, आणि तेव्हा कुठे कंबरपट्ट्याची भोके मागे सरकू लागली. चूक व्यायामात नव्हती, क्रमात होती. चरबी कमी करण्याचे काम मुख्यतः आहार करतो. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, आणि उतरलेले वजन पुन्हा चढते की नाही, हे मुख्यतः व्यायाम ठरवतो. पुढची मांडणी याच क्रमाने केली आहे.

सुरू करण्यापूर्वी एक अट पाळावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबाची औषधे, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे यांपैकी काहीही असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण कमी करू नये. जेवण घटले की औषधाची मात्राही बदलावी लागते, आणि ती आपल्या मनाने बदलायची नसते.

आधी टेप, मग काटा

वजनकाटा चरबी मोजत नाही. हाड, स्नायू, पाणी आणि पोटातले अन्न तो एकत्र तोलतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोट पुढे ही ठेवण आपल्या प्रत्येक गल्लीत दिसते. म्हणून "मी काही जाड नाही" या समाधानात राहण्याऐवजी शिंप्याचा टेप घ्यावा.

माप सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी घ्यावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवा धरावा, श्वास सहज सोडावा आणि पोट आत ओढू नये. पँट जिथे बसते ती जागा धरू नये, कारण पोट सुटलेल्या माणसाची पँट पोटाखाली बसते आणि तिथले माप खोटा दिलासा देते. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. माप दोन आठवड्यांतून एकदा वहीत लिहावे. वजन रोज केले तरी चालेल, पण निष्कर्ष सात दिवसांच्या सरासरीवरूनच काढावा.

आजोबांचे ताट, नातवाची खुर्ची

एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज खर्चापेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर कागदावर आठवड्याला अर्धा किलोच्या जवळपास चरबी उतरते. प्रत्यक्षात वेग हळूहळू मंदावतो, कारण हलके झालेले शरीर कमी इंधन मागते. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले, तर हुरळून जाऊ नये. यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेल्या साखरेबरोबर धरून ठेवलेले पाणी तेवढे गेलेले असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि कष्टाचे काम करणाऱ्याला ३,४७० कॅलरी लागतात. स्त्रियांसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. वखर-नांगराच्या मागे दिवस काढणारे आजोबा आणि तहसील कचेरीत दिवसभर संगणकापुढे बसून मोटारसायकलवर घरी येणारा नातू यांच्यात तेराशे-साडेतेराशे कॅलरींचा फरक आहे, पण ताट मात्र वारशाने जसेच्या तसे आले आहे. आपले पोट या फरकातून सुटलेले आहे. याला लाजण्यासारखे काही नाही, पण ताटाचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. बैठे काम असलेल्या पुरुषाने साधारण १,६००, तर स्त्रीने १,२०० ते १,३०० कॅलरींवर राहावे. त्याखाली वैद्यकीय देखरेखीशिवाय जाऊ नये.

तेलाचा डबा: इथूनच सुरुवात करावी

कॅलरी मोजण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, म्हणून पहिल्या महिन्यात फक्त तेल मोजावे. त्याची रीत सोपी आहे. नवा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहावी आणि संपला की दिवस मोजावेत. आमच्या पाच माणसांच्या घरी १५ किलोचा डबा दोन महिने पुरत असे आणि तो आम्हाला काटकसरीचा वाटत असे. भागाकार केला, तेव्हा माणशी रोज ५० ग्रॅम तेल निघाले. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज ४५० कॅलरी नुसत्या तेलाच्या जात होत्या, आणि शेंगदाण्याचा कूट, तूप, बाहेरचे वडे-भजी यांचा हिशोब वेगळाच. माणशी २०-२५ ग्रॅम तेल पुरेसे आहे. तेवढ्यावर आल्यास भाकरीचा तुकडाही न सोडता दोनशेहून अधिक कॅलरी वाचतात. तेल करडईचे आहे, सोयाबीनचे आहे की घाण्यावरचे आहे, याने या हिशोबात काहीही फरक पडत नाही, हे घाण्याच्या तेलाच्या भक्तांनी विशेष लक्षात घ्यावे.

अडचण हाताच्या सवयीची असते. किटलीतून कढईत धार सुटते ती अंदाजाने, आणि तो अंदाज वीस वर्षांचा असतो. आम्ही सकाळीच दिवसभराचे तेल एका स्टीलच्या वाटीत काढून ठेवू लागलो, आणि पाच माणसांसाठी ती १२५ ग्रॅमची वाटी पाहून आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "एवढ्याशा तेलात मोहरी तरी तडतडंल का रं?" मोहरी तडतडली. कढई थोडी कलती धरली की तेल एका बाजूला गोळा होते, फोडणी तिथे नीट बसते. मग कांदा टाकून झाकण ठेवावे आणि कांदा लागू लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारावा. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीच्या, आमटीला मसाला कोरडा भाजूनच घातलेला असतो. तिच्यावर बोटभर तर्री तरंगलीच पाहिजे, हा आग्रह चवीपेक्षा पाहुण्यांसाठी अधिक असतो. धपाटे तव्यावर तेल सोडून भाजण्याऐवजी तेलाने ओल्या केलेल्या फडक्याने तवा पुसून भाजले, तरी सुटतात. पहिले दोन चिकटले, तर घाबरू नये.

भाकरी सोडू नये, मोजावी

ज्वारीच्या भाकरीविषयी दोन टोकाच्या समजुती आहेत. एक पक्ष भाकरीने वजन उतरते असे म्हणतो, दुसरा ती पूर्ण बंद करायला सांगतो. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३५ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने आणि तेवढाच चोथा असतो. गव्हाच्या पिठाचे आकडेही याच्या आसपासच आहेत. भाकरीचा खरा फायदा असा, की तिला तेल लागत नाही, ती चावावी लागते आणि पोटात जास्त वेळ राहते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'परभणी शक्ती' या वाणात लोह आणि जस्तही अधिक आहे. मात्र चरबीच्या हिशोबात भाकरी ही भाकरीच असते, आणि आपली भाकरी लहान नसते.

काठवटीत भाकरी थापण्याआधी पिठाचा वाटा एकदा तरी काट्यावर ठेवून पाहावा. आमच्याकडे एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागत होते, म्हणजे एक भाकरी २५० कॅलरींची. दोन्ही वेळा तीन-तीन खाणारा माणूस नुसत्या भाकरीतून १,५०० कॅलरी घेतो. त्या दीड-दीडवर आणाव्यात आणि मोकळ्या झालेल्या जागेत भूक भागवणारे पदार्थ भरावेत, नाहीतर चौथ्या दिवशी रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडला जातो.

त्या जागेत सर्वांत आधी प्रथिने यावीत. ती पचवताना शरीर त्यांच्यातल्याच २० ते ३० टक्के कॅलरी खर्च करते, भूक लांबते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. मूत्रपिंडे निरोगी असतील, तर किलोमागे १.२ ग्रॅम हे ध्येय ठेवावे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम. तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या प्रदेशाला हे जड जाऊ नये, तरीही जाते, कारण आपले वरण पातळ असते आणि सोयाबीन थेट अडतीवर जाते. दोन वाट्या घट्ट वरणात १३ ग्रॅम प्रथिने मिळतात, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २५, दोन अंड्यांतून १२, पाव किलो दह्यातून ८, मूठ-दीड मूठ फुटाण्यांतून ८ आणि तीन भाकरींतून २० हून अधिक. हे सगळे तेलाच्या मापात शिजवले, तर ८५ ची बेरीज साध्या घरातही जमते. मांसाहार करणाऱ्यांनी रस्सा कमी आणि फोडी जास्त घ्याव्यात.

ताटाचा उरलेला अर्धा भाग पालेभाजीचा असावा. अंबाडी, चुका, तांदुळजा, घोळ, करडईची कोवळी भाजी ही आपल्याकडे स्वस्त आणि मुबलक आहे. अंबाडीच्या भाजीवर लसणाच्या फोडणीचे तेल वरून ओतण्याची पद्धत तेवढी सोडावी. शेंगदाणे वाईट नाहीत, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. भाजीत कूट, चटणीत कूट आणि वर मूठभर भाजके दाणे असे तिन्ही एका दिवशी आले, की मापात काढलेले तेल मागच्या दाराने परत येते.

चहा, उपवास आणि येळवस

दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम आणि ४० कॅलरी. कचेरीत आणि पाहुणचारात मिळून दिवसाला सहा चहा सहज होतात, म्हणजे २४० कॅलरी नुसत्या साखरेच्या. "साखर कमी" असे सांगितले, तर यजमान हसून तेवढीच घालतात. "मला बिनसाखरेचा चालतो" असे सांगितले, तर ऐकतात. हा अनुभवाचा सल्ला आहे.

उपवासाच्या दिवशी वजन वाढणे ही आपली खास कामगिरी आहे. साबुदाणा जवळजवळ पूर्ण पिठूळ असतो, त्यात प्रथिने नाममात्र असतात, आणि वर दाण्याचा कूट व तूप येते. एकादशीला भगर, ताक आणि एखादे फळ यांवर भागवावे. सणांचा मात्र फार बाऊ करू नये. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात बसून भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे पोटभर खाल्ल्याने कोणाची कंबर वाढत नाही. ते अन्न वर्षातून एकदा येते. हुरड्याचेही तसेच. कंबर वाढवणारे खाणे रोजचे आणि नाव नसलेले असते, जसे दुपारी चारचा चिवडा, मुलांच्या ताटातली उरलेली पोळी, लग्नसराईत आठवड्याला तीन पंगती. पंगतीत आग्रह होणारच, म्हणून पहिल्या वाढीलाच वरण आणि भाजी जास्त घ्यावी आणि गोड एकदाच घ्यावे.

दोन वेळा जेवावे की सारखे थोडे-थोडे?

हा प्रश्न आपल्या मराठवाड्यात टाळता येत नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर नेली. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असा तिचा गाभा आहे. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोड्या-थोड्या अंतराने खायला सांगतात. माझ्या मते दिवसभराची बेरीज घटली, तर दोन्हींनी चरबी उतरते आणि ती घटली नाही, तर दोन्हींनी उतरत नाही. दोन वेळांच्या पद्धतीत साखरेचा चहा आणि चिवडा आपोआप गळतो, हे तिच्या यशाचे मोठे कारण असावे. ज्याला भूक सोसत नाही आणि जो दुसऱ्या जेवणात पहिल्याचीही भरपाई करतो, त्याने तीन वेळा जेवावे. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना लांब उपाशीपणात साखर धोकादायक उतरण्याची भीती असते, याची पुन्हा आठवण करून देतो.

आता बूट

तासभर ताशी पाच किलोमीटर वेगाने चालले, तर ७० किलोचा माणूस बसून राहण्यापेक्षा सुमारे १७५ कॅलरी जास्त खर्च करतो. मैदानाबाहेरच्या गाड्यावरचे दोन भजे आणि अर्धा कप चहा हा हिशोब पुसून टाकतात. शिवाय शरीर चतुर आहे. टांझानियातील हाड्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर चालतात, तरीही शरीराच्या आकारमानाचा विचार केला, तर त्यांचा एकूण रोजचा खर्च शहरी अमेरिकनांइतकाच भरतो, असे २०१२ साली मोजून दाखवण्यात आले. चालणे वाढले की शरीर दुसरीकडे काटकसर करते. नुसत्या चालण्याने पोट का उतरले नाही, याचे उत्तर यात आहे.

घामाविषयीही एक गैरसमज आहे. मे महिन्यात पोटाला प्लास्टिक गुंडाळून धावणारे लोक मी पाहिले आहेत. घामाने पाणी जाते आणि ते तांब्याभर पाण्याने परत येते. दहा किलो चरबी जळते, तेव्हा तिच्यातले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे आणि १.६ किलो पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. तसेच पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी उतरत नाही. ती कोठून आधी जावी हे शरीर ठरवते, आणि पुरुषांच्या बाबतीत पोटाच्या आतली चरबी सहसा लवकर हलते, ही त्यातली चांगली बातमी.

मग व्यायाम करायचाच कशाला? नुसत्या उपासमारीने उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. असा माणूस काट्यावर हलका आणि अंगाने मऊच राहतो, जिना चढताना दमतो, आणि वजन परत चढते तेव्हा ते मुख्यतः चरबीचे चढते. स्नायूंना काम दिले, की शरीर ते राखून ठेवते. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि एकूण १५० ते ३०० मिनिटे भरभर चालणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळावी.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. तालमीतले दंड-बैठका पुरतात, फक्त त्यांच्यापर्यंत पायरीने जावे. पहिले दोन आठवडे खुर्चीवर हळू बसून हातांचा आधार न घेता उठावे, दहा-दहा वेळा, तीन खेपांत. दंड आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग पायरीला आणि शेवटी जमिनीवर काढावेत. एका टप्प्यावर पंधरा सहज झाले, की पुढच्या टप्प्याला जावे. पाठीवर झोपून, गुडघे मोडून पंधरा वेळा कंबर उचलावी. शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात चार फेऱ्या माराव्यात. टँकरच्या दिवशी बादल्या घेऊन दोन जिने चढणाऱ्यांनी हा शेवटचा भाग झाला असे समजावे. गुडघे दुखत असतील, तर बैठक अर्ध्यावर थांबवावी. वाढ मात्र सतत हवी. सहा महिने तेच दहा उठबशा काढत राहिल्यास स्नायूंना टिकून राहण्याचे कारण उरत नाही.

सकाळच्या चालण्याची वेळ फेब्रुवारीपासूनच लवकरची करावी. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी परतलेले असावे किंवा रात्री जेवणानंतर चालावे. जेवणानंतरची पंधरा मिनिटेही साखर खाली ठेवायला चांगली असतात. ज्या स्त्रियांना पहाटे रस्त्यावर निघणे सोयीचे नाही, त्यांनी गच्चीवर किंवा अंगणात दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत. शरीर तुकड्यांची बेरीज मान्य करते. खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापूसवेचणी करणाऱ्यांना वेगळे चालण्याची गरज नाही, पण ती कामे संपल्यावर ताट लहान करण्याची गरज असते, आणि तिथेच चूक होते.

काटा अडकला, तर

दीड-दोन महिन्यांनी वजन थांबते. आधी टेप पाहावा. कंबर उतरत असेल, तर काहीही बदलू नये. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर स्नायू पाणी धरतात, लोणचे-पापडाच्या पंगतीनंतर दोन दिवस पाणी चढते आणि स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी किलोभर फरक सहज पडतो. टेप आणि साप्ताहिक सरासरी दोन्ही तीन आठवडे हलली नाहीत, तरच तेलाच्या वाटीकडे परत जावे, कारण बहुतेक वेळा ती पुन्हा काठोकाठ भरू लागलेली असते. वाटी ठीक असेल, तर रात्रीची अर्धी भाकरी कमी करावी. झोप सहा तासांहून कमी होत असेल, तर आधी ती सुधारावी, कारण जागरणानंतरची भूक हिशोब ऐकत नाही.

कंबर हव्या त्या मापावर आली, की घट थांबवायची असते, पण जुन्या ताटावर जायचे नसते. अमेरिकेत १९९४ पासून, बरेच वजन उतरवून ते वर्षानुवर्षे टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवली जाते; त्यातले बहुतेक रोज सुमारे तासभर शारीरिक हालचाल करतात. उतरवताना दुय्यम असलेले चालणे टिकवताना मुख्य होते ते असे. अन्न वाढवताना आधी दुपारच्या ताटात अर्धी भाकरी वाढवावी, दोन आठवडे थांबावे आणि टेप लावावा. माप जागेवर असेल, तर आणखी अर्धी वाढवावी. ते दोन सेंटिमीटरने सरकले, तर शेवटची अर्धी काढून घ्यावी. तेलाची वाटी मात्र होती तेवढीच ठेवावी.